लेकीच्या लिखाणाचा रतीब

मैत्रिणींनो, आज मी लोणच्याची किंवा डाग काढण्याची युक्ती सांगायला बसलेले नाही. आज आधी एक कबुली द्यायची आहे आणि मग एक सोय सांगायची आहे. कबुली माझ्या मनाला लागलेली आहे. सोय मात्र अगदी साधी, बिनपैशाची आणि घरबसल्या करता येण्यासारखी आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या हातात मोठा फोन आहे, पण ही सोय आपल्याला कुणी सांगितलेलीच नसते. मलाही पंचावन्न वर्षं पुरी होईपर्यंत ठाऊक नव्हती.

आमचं परंडा हे तालुक्याचं गाव. जिल्हा धाराशिव, पण लग्नाचा बस्ता असो की डॉक्टर, आमची धाव बार्शीकडे. गावाला भुईकोट किल्ला आहे. विजापूरची ती प्रसिद्ध मुलूख-ए-मैदान तोफ तुम्ही सहलीत पाहिली असेल. ती १५४९ साली अहमदनगरला ओतली, पुढे आमच्या परंड्याच्या किल्ल्यावर होती, आणि १६३२ साली इथून विजापूरला गेली. आमच्या ह्यांचं त्यावर एक ठरलेलं वाक्य आहे, "एवढी अवजड तोफ ज्या गावात टिकली नाही, तिथं पोरं काय टिकणार?" खरंच आहे. आमची एकुलती एक लेक शिकून पुण्याला गेली, आणि लग्न होऊन जर्मनीत स्टुटगार्टला. चार वर्षं झाली.

लेकीला लिहायची आवड शाळेपासून. परदेशात गेल्यावर तिनं इंटरनेटवर स्वतःचं एक छोटंसं संकेतस्थळ उघडलं आणि महिन्या-दीड महिन्यानं तिथं मराठीत काहीबाही लिहू लागली. तिकडचा बर्फ, तिकडची भाजी, ज्वारीच्या पिठासाठी केलेली पायपीट. लिहिलं की ती मला व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची लिंक पाठवी. मी दाबून उघडी, वाची, आणि "छान लिहिलंस" असं कळवी.

आता कबुली. आमच्या घराण्याचा एक ग्रुप, माहेरचा एक, भिशीचा एक, भजनी मंडळाचा एक, सोसायटीचा एक. सकाळी फोन हातात घेतला की शे-दीडशे निरोप वाट पाहत असतात. फुलांचे गुच्छ, सुप्रभात, कुठल्या तरी देवाचा फोटो, "हा संदेश अकरा जणांना पाठवा". सगळं एकेक करून वाचायचं, हात जोडायचे, पुढं ढकलायचं. त्या ढिगात लेकीची लिंक खाली खाली गेली. एकदा गेली, दुसऱ्यांदाही गेली. माझ्या लक्षातच आलं नाही. आणि मग लिंका यायच्या थांबल्या. मी आपली समजूत करून घेतली, की नोकरी आहे, घर आहे, आता कुठलं लिहायला होतंय पोरीला!

दिवाळी गेली, संक्रांत गेली. चैत्रात बार्शीला एका हळदीकुंकवाला गेले होते. पन्हं पिताना चुलत जाऊबाईंची सून जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काकू, ताईंचा तो दवाखान्यातला लेख वाचला हो. रडूच आलं मला. तुम्हाला तर किती झालं असेल!"

मी हसले. "हो ना," म्हटलं. मैत्रिणींनो, मी सरळ खोटं बोलले. कुठला लेख, कसला दवाखाना, मला काही माहीत नव्हतं. हातातलं पन्हं तसंच ठेवलं आणि लवकरची एस.टी. पकडली.

घरी येऊन चष्मा लावून शोधलं. दिवाळीपासून लेकीनं सहा लेख लिहिले होते. त्यातला एक तिच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा. तेव्हा ती मला फोनवर एवढंच म्हणाली होती, "जरा पोट दुखत होतं आई, आता बरी आहे." लेखात मात्र सगळं होतं. जावई कामासाठी दुसऱ्या गावी होते. रात्री दोन वाजता ती एकटी टॅक्सीनं दवाखान्यात गेली. भाषा धड येत नाही, नर्स काय विचारतेय ते कळत नाही. गुंगी उतरल्यावर तिला काय हवंसं वाटलं, तर मऊ भात, मेतकूट आणि कपाळावर माझा हात. लेख संपताना तिनं लिहिलं होतं की हे मी आईला फोनवर सांगू शकले नाही, म्हणून इथं लिहितेय, ती वाचेल.

ती वाचेल! आणि आई इकडे गुलाबाच्या फुलांखाली "शुभ सकाळ" लिहीत बसली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय? त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी लेकीला फोन केला. रागावली नाही ती. म्हणाली, "अगं, तू दोनदा काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, तुझ्या मागं कामं असतात, कशाला सारखं 'वाच वाच' करायचं? म्हणून लिंक पाठवणं बंद केलं." किती साधं कारण! तिचं चुकलं नाही, आणि माझंही मन वाईट नव्हतं. पण मधल्यामध्ये पाच-सहा महिने आम्हा मायलेकींमध्ये एक भिंत उभी राहिली होती, आणि ती बांधली होती नको त्या निरोपांनी.

मी हे सगळं शेजारच्या मास्तरांच्या मुलीला सांगितलं. ती बार्शीला कॉम्प्युटर शिकते. म्हटलं, "मला रोज आठवणीनं तिचं पान उघडून बघायला सांग गं." ती हसली. म्हणाली, "काकू, रोज उघडायचं कशाला? तुम्ही आरएसएस लावा."

आमचे हे झोपाळ्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली करून म्हणाले, "या वयात शाखेवर जाणार की काय?" मलाही तेच वाटलं होतं हो! पण हे आरएसएस वेगळं. इंग्रजीत त्याला 'रिअली सिंपल सिंडिकेशन' म्हणतात. आपल्या भाषेत 'अगदी साधी वाटपाची पद्धत' म्हणा. त्यातून जे येतं त्याला 'फीड' म्हणतात. हा शब्द ऐकून बिचकू नका. मी त्याला आपला जुना शब्द ठेवला आहे, रतीब.

आठवतो ना दुधाचा रतीब? आमच्या गल्लीत गवळी यायचा, मापानं दूध घालायचा, आणि सासूबाई भिंतीवर कोळशानं रेघ मारायच्या. कुणाचं दूध घ्यायचं, म्हशीचं की गाईचं, किती घ्यायचं, पाहुणे आले की वाढवायचं, पाणी घातलं तर बंद करायचं, हे सगळं आपल्या हातात. गवळी काही आपल्या दारात येऊन दुधाबरोबर चार फुगे, दोन जाहिराती आणि शेजारणीचं भांडण ओतून जात नसे. फोनवर मात्र आज तसंच चाललं आहे. फेसबुकसारख्या ठिकाणी काय दिसावं आणि कुठल्या क्रमानं दिसावं, हे त्या कंपनीचं यंत्र ठरवतं. ज्यावर आपण जास्त वेळ रेंगाळतो ते पुढं, बाकीचं मागं. आपली लेक मागं पडते ती अशी. आरएसएसमध्ये हे यंत्र मध्ये नाही. ज्यांचं वाचायचं त्यांची नावं आपण लिहून द्यायची. त्यांनी नवीन काही लिहिलं, की तेवढंच आपल्याकडे येतं, बहुतेक ठिकाणी नव्यातलं नवं वर. बाकी काही नाही.

हे चालतं कसं? मलाही कळायला वेळ लागला, पण एकदा कळलं आणि भीती गेली. असं समजा, की गावात दहा दुकानं आहेत आणि प्रत्येक दुकानाबाहेर एक फळा टांगलेला आहे. दुकानदार नवा माल आला की फळ्यावर लिहितो, 'साखर आली, अमुक तारखेला'. आपण दहा दुकानं फिरत बसलो तर दुपार होईल. म्हणून घरातल्या एका हुशार पोराला धाडायचं. तो दहाही फळे बघून येतो आणि कालच्यापेक्षा नवं काय, तेवढंच सांगतो. संकेतस्थळाचा फीड म्हणजे हा फळा. ती एक साधी यादीच असते: लेखाचं नाव, तारीख, थोडा मजकूर आणि लेखापर्यंत नेणारा पत्ता. आणि ते हुशार पोर म्हणजे आपल्या फोनमधलं एक अ‍ॅप, त्याला 'फीड रीडर' म्हणतात. ते थोड्या थोड्या वेळानं फळे बघून येतं. आपण निजलेलो असलो तरी त्याचं काम चालूच.

यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे दुकानदाराला आपलं नावगाव द्यावं लागत नाही. फोन नंबर नको, ईमेल नको. नको झालं तर यादीतून नाव खोडायचं, की संपलं. "का बंद केलं" म्हणून कुणी मागं लागत नाही.

ही काही काल-परवाची टूम नाही बरं का. नेटस्केप नावाच्या कंपनीनं १९९९ साली याचं पहिलं रूप काढलं. २००० साली त्याची एक सुधारलेली आवृत्ती तयार झाली. ती तयार करणाऱ्या मंडळींत अ‍ॅरन स्वार्ट्झ नावाचा अवघ्या चौदा वर्षांचा अमेरिकन मुलगा होता. आपली चौदा वर्षांची मुलं दप्तर शोधत असतात! २००२ साली डेव्ह वायनर यांनी जी आवृत्ती काढली, तीच पद्धत आजवर पुष्कळ ठिकाणी चालू आहे. आपल्या मराठीतही या शतकाच्या पहिल्या दशकात हौशी मंडळी इंटरनेटवर लिहू लागली, तेव्हा 'मराठी ब्लॉग विश्व' नावाच्या संकेतस्थळावर कुणी नवीन काय लिहिलं ते एका जागी दिसायचं. आज ती हौशी पानं विखुरली, पण पद्धत तीच राहिली.

मधे एक मोठी गंमत झाली. २००५ साली गूगलनं 'गूगल रीडर' काढला. जगभरच्या लोकांनी आपले सगळे रतीब तिथं लावले. आणि १ जुलै २०१३ ला कंपनीनं तो बंद केला. लोक हळहळले. कितीतरी जण म्हणाले, आता आरएसएस संपलं. पण तसं झालं नाही. फळे ज्याच्या त्याच्या दुकानाबाहेर होते तिथंच राहिले, बंद झालं ते फळे बघून येणारं एक पोर. लोकांनी आपली यादी उचलली आणि दुसऱ्या रीडरमध्ये नेली. अशी यादी उचलून नेण्याचीही सोय असते, तिला 'ओपीएमएल' म्हणतात. एकाच दुकानदाराच्या ताब्यात सगळा संसार देऊ नये, हे आपल्या आया सांगत आल्या आहेत. या पद्धतीचा कुणी एक मालक नाही, म्हणूनच ती टिकली.

आता प्रत्यक्ष कृती. भाजी फोडणीला टाकावी इतकी सोपी आहे.

तुमचा फोन अँड्रॉइड असेल (आपल्याकडे बहुतेकींचा तोच असतो), तर प्ले स्टोअरमधून 'फीडर' नावाचं अ‍ॅप घ्या. ते फुकट आहे आणि त्यात खातं उघडावं लागत नाही. आयफोन असेल तर 'नेटन्यूजवायर' घ्या, तेही फुकट. 'फीडली' आणि 'इनोरीडर' ही आणखी दोन प्रसिद्ध नावं. तिथं खातं उघडावं लागतं, पण मग फोनवर आणि कॉम्प्युटरवर एकच यादी दिसते. पहिल्यांदा मात्र बिनखात्याचंच बरं, पासवर्ड विसरायची भीती नाही.

अ‍ॅप उघडलं की अधिकची खूण शोधा किंवा 'नवीन फीड जोडा' अशा अर्थाची ओळ शोधा. तिथं ज्या संकेतस्थळाचा रतीब लावायचा त्याचा पत्ता टाका. पत्ता हातानं लिहायला नको. आधी ते पान उघडायचं, वरच्या पट्टीवर बोट दाबून धरून पत्ता उतरवून घ्यायचा आणि इथं आणून चिकटवायचा. बहुतेक वेळा अ‍ॅप स्वतःच फळा शोधून काढतं आणि विचारतं, "हाच का?" होय म्हणा. झालं!

कधी अ‍ॅपला फळा सापडत नाही. तेव्हा पानावर शोधा, नारिंगी रंगाचा छोटा चौकोन दिसतो का? त्यात कोपऱ्यात एक पांढरा ठिपका आणि त्यावर दोन कमानी असतात, पाव रांगोळी काढावी तशा. तो दाबला की फीडचा पत्ता मिळतो. उघडल्यावर पानभर विचित्र अक्षरं दिसली तर घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. तो मजकूर माणसांसाठी नसून रीडरसाठी असतो. आपण फक्त पत्ता उचलायचा. चौकोनही दिसला नाही, तर आणखी एक युक्ती. पुष्कळ संकेतस्थळं 'वर्डप्रेस' नावाच्या साच्यावर बनलेली असतात. त्यांच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' शब्द लिहायचा, एफ, दोन ई आणि डी. माझ्या लेकीचं पान तसंच होतं. मास्तरांच्या मुलीनं तेवढी चार अक्षरं लिहिली आणि लेकीचे लेख एकाखाली एक, बरणीतून लाडू काढून ताटात मांडावेत तसे समोर आले.

मी लगेच म्हटलं, "पण चार वर्षांचे सगळे कुठं आहेत?" तर फळ्यावर शेवटचे दहा-वीस लेखच बहुधा राहतात. आधीचे वाचायचे तर मूळ पानावर जावं लागतं. रतीब आजपासूनचा, मागचं दूध मागता येत नाही. ते मी गेल्या आषाढात चार दुपारी बसून वाचून काढलं.

लेकीचं झाल्यावर मला हुरूप आला. म्हटलं, अजून कशाकशाचा लावता येईल? बीबीसी मराठीचा फीड आहे, तो लावला. काही वर्तमानपत्रांचेही असतात, पण बातम्यांचा अख्खा रतीब लावू नका, त्यांचा पूर येतो. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावरही ही सोय आहे, योजनांची खरी बातमी तिथून कळते. यूट्यूबवरच्या प्रत्येक चॅनेललाही फीड असतो. मी पाककृतींच्या दोन बायकांचे लावले. नवीन व्हिडिओ आला की कळतं, आणि यूट्यूब उघडून भलतंच पाहत तास घालवायची वेळ येत नाही. आणि ही जी श्राव्य मालिका, 'पॉडकास्ट' म्हणून मुलं ऐकत असतात ना, तीही आरएसएसवरूनच वाटली जाते. म्हणजे आपली मुलं रोज हे वापरतात, फक्त त्यांनाही नाव माहीत नसतं.

काय येत नाही, तेही सांगते. व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, फेसबुक यांच्यावरचं यात येत नाही. त्यांनी आपली दारं बंद ठेवली आहेत. काही संकेतस्थळं फळ्यावर फक्त मथळा आणि दोन ओळी लिहितात, पूर्ण वाचायला त्यांच्या पानावर जावं लागतं. काही फळा ठेवतच नाहीत. आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या कॉलेजचं तसंच आहे. त्यांच्या सूचना हातानंच जाऊन बघाव्या लागतात. त्यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवायची, दुसरा उपाय नाही. आणि फळ्यावर लिहिलेलं खरं आहे की खोटं, हे रीडर तपासत नाही. गवळी निवडायचं काम आपलंच.

आता अनुभवाच्या चार गोष्टी. पहिली: सुरुवातीला पाचांच्या वर रतीब लावू नका. मी उत्साहानं तेवीस लावले. आठ दिवसांत 'न वाचलेले दोनशे चाळीस' असा आकडा आला, आणि तो बघून पुन्हा तोच जीव घाबरा! अति तिथं माती. दुसरी: वाचायची एक वेळ ठरवा. माझी सकाळची, पहिला चहा होतो तेव्हाची. हे फिरायला किल्ल्याकडे गेलेले असतात, घर शांत असतं. अ‍ॅपची घंटी बंद करून ठेवली आहे, दूध उतू जाताना घंटी नको. तिसरी: महिन्यातून एकदा डबे उन्हात घालतो तशी यादी चाळा. जे चार आठवडे उघडलं नाही ते काढून टाका. संकोच कशाला? तिकडे कुणाला वाईट वाटत नाही. राहिलेलं सगळं 'वाचलं' अशी खूणही एका बोटानं करता येते, तीही निःसंकोच करा. वाचन ही उधारी नाही, फेडलीच पाहिजे असं काही नसतं. चौथी आणि महत्त्वाची: अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरमधून किंवा आयफोनच्या दुकानातूनच घ्या. कुणी पाठवलेल्या लिंकवरून घेऊ नका. फीड लावायला पैसे, बँकेचा नंबर, ओटीपी यांतलं काहीच लागत नाही. कुणी मागितलं तर समजा फसवणूक आहे आणि फोन ठेवून द्या.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, लेकीला सांगायचं लिंक पाठवत जा म्हणून. मीही तसंच म्हटलं होतं. पण विचार केला तेव्हा कळलं, की पाठवणाऱ्याला दर वेळी एक संकोच असतो. आईला वेळ असेल का, तिला आवडेल का, उत्तर आलं नाही तर काय समजायचं? आपण आपल्या आईला पत्र टाकायचो तेव्हा पोस्टमन ते दारात नेऊन द्यायचा. तिनं ते वाचलंच असणार याची खात्री असायची, कारण त्या दिवशी दारात दुसरं काही येतच नसे. आजच्या लेकींना ती खात्री उरलेली नाही. रतीब लावणं म्हणजे आपण होऊन म्हणणं, 'तू लिही, मी वाट बघतेय. तू सांगायची गरज नाही.'

मी लेकीला हे काही सांगितलं नव्हतं. गेल्या श्रावणात एका शनिवारी सकाळी चहाचं आधण ठेवलं, अ‍ॅप उघडलं, तर तिचा नवा लेख सर्वांत वर. तिनं खिडकीत कुंडीत कोथिंबीर लावली होती, ती उगवली त्याबद्दल. लहानसाच लेख. धणे रगडून दोन डाळी करून पेरावेत हे आजीनं शिकवलं होतं असं तिनं लिहिलं होतं. तिथे तेव्हा पहाट होती. मी दम धरला आणि आमच्या अकरा वाजता फोन लावला. "कोथिंबीर उन्हात ठेव, पण दुपारचं ऊन लागू देऊ नकोस. आणि धणे आजीनं नाही गं, मी शिकवले होते!"

पलीकडे क्षणभर काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "आई, तू वाचलंस? मी तर कुणालाच पाठवलं नव्हतं."

"वाचते मी," म्हटलं. "सगळं वाचते."

त्यानंतर आम्ही पाऊण तास बोललो. दवाखान्याच्या त्या रात्रीबद्दलही बोललो, पहिल्यांदाच. शेवटी मी मेतकुटाचा डबा कुणाबरोबर पाठवायचा ते ठरवलं आणि फोन ठेवला. आधण आटून गेलं होतं, चहा पुन्हा टाकावा लागला.

आता माझ्या यादीत सात रतीब आहेत. आमचे हे अजून चिडवतात, पण परवा गुपचूप विचारत होते, "माझ्या पेन्शनच्या बातम्यांचं काही लागतं का गं त्यात?" लावून दिलं.

तर मैत्रिणींनो, आज दुपारी भांडी आवरून झाली की दहा मिनिटं काढा. नाहीच जमलं तर शेजारच्या एखाद्या शाळकरी मुलाला लाडू देऊन बसवा. आणि पहिला रतीब बातम्यांचा लावू नका. तुमच्या माणसांपैकी कुणी ना कुणी कुठं ना कुठं लिहीत असेल: भाचा, नणंदेची मुलगी, शाळेतली मैत्रीण. पहिला रतीब तिचा लावा. तिला सांगूही नका. फक्त पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा तिच्या कोथिंबिरीची चौकशी करा.